पूर्वीची चव

पुण्याच्या लोकभाव प्रयोगशाळेत भिंतीवरचा आकडा लाल झाला: उणे एकसष्ट. मिरजेच्या सुवर्णफूल बेकरीबद्दल समाजमाध्यमांवर बारा वर्षांत लोक जे बोलले, त्याचं हे सार. साल होतं २०४६. बेकरीची मालकीण रेवती मगदूम हिने आकडा पाहिला आणि पर्स उघडून उगाचच बंद केली.

"म्हणजे मामांना थांबवायलाच हवं," ती म्हणाली.

कोरेमामा चौतीस वर्षं तिथे जिरा बटर भाजत होते. सोमवारी त्यांच्या जागी स्वयंभट्टी यायची होती. केवळ या आकड्यासाठी रेवतीचं पाऊल अडलं होतं.

"आमचा जनमनमापक शब्दांमागचा भाव मोजतो," डॉ. चारुलता प्रभुदेसाई म्हणाल्या. "राग, आनंद, तक्रार, सगळ्यांचा मिळून एक भावांक. इथे दहातले सात जण एकच लिहितात: 'पूर्वीची चव राहिली नाही.' उघड तक्रार आहे."

"उघड?" भाषातज्ज्ञ बेळवलकर मघापासून मामांनी पाठवलेले बटर चहात बुडवून खात होते. कपात पडलेला तुकडाही त्यांनी चमच्याने काढून खाल्ला. "बाई, आपल्या माणसाच्या जिवावर येतं हो तोंडावर छान म्हणायचं! हे लोक पुन्हा बेकरीत जातात का, ते विचारा यंत्राला."

चारुलतांनी विचारलं. 'मस्त' लिहिणारे बहुतेक एकदाच आले होते. कुरकुरणारे मात्र दर दिवाळीला, काही तर दर रविवारी येत होते.

"आता प्रत्येकाची 'पूर्वी' कधीची, ते काढा."

यंत्राने प्रत्येकाचं सगळं लेखन चाळलं. कुणाची २०१५, कुणाची २०२७, कुणाची २०३३. ज्याची त्याची 'पूर्वी' म्हणजे वयाचं दहावं-बारावं वर्ष!

"आणि तेव्हा भट्टीवर कोण होतं?"

"मामाच," रेवती म्हणाली.

चारुलता ओशाळल्या. "म्हणजे यंत्र यांचं लहानपण मोजत होतं, आणि मी बटरला नापास करत होते."

रेवतीला हायसं वाटलं, लाजही वाटली. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर बटर कधी तसं लागलंच नाही, आणि तो दोष तिने मनातल्या मनात मामांना दिला होता.

"एक खातं मात्र वेगळं आहे," चारुलता म्हणाल्या. "सगळ्यात कडू. बारा वर्षं, दर आठवड्याला. याची 'पूर्वी' २००९, पण लिहिणारा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. हे लहानपण नव्हे."

२००९ साली भट्टीवर रेवतीचे वडील, अण्णा, होते.

"लिहितो कुठून?" तिने विचारलं.

स्थळखूण उमटली: मिरज, बेकरीच्या आत, भट्टीमागची खोली. तिथे जेवणानंतर एकच माणूस बसायचा. रेवतीने फोन लावला.

"मामा, आपल्याच बेकरीला नावं ठेवता?"

"खोटं कशाला बोलू, पोरी? अण्णांच्या हातचं बटर तू खाल्लंयस. तसलं मला अजून जमंना. रोज नव्यानं मळतोय, रोज चुकतंय. गिऱ्हाइकाला फसवल्यागत वाटतं, म्हणून लिवतो. सोमवारचं कळलंय मला. तुझं बरोबरच हाय."

रेवतीचे डोळे भरून आले. अण्णांची इतकी आठवण आपल्यालाच येते, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

"सोमवारी तुम्हीच मळा, मामा," ती म्हणाली. "आणि चुकलं तर लिहा खुशाल."