चौथा पट्टा

आमच्या उद्यानात बारा खुंट आहेत. लाकडी, छातीइतके उंच, डोकं सपाट कापलेलं. त्या सपाट डोक्यावर कॅमेरा ठेवायचा, खुंटावर बाण कोरलाय त्या दिशेला तोंड करायचं आणि एक फोटो काढायचा. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठच्या सुमाराला. जागा तीच, दिशा तीच, उंची तीच. असे नऊ वर्षांचे फोटो ओळीने मांडले की कळतं, जमीन खरंच बरी होतेय की आपण नुसती हौस भागवतोय.

हे काम माझं. कागदावर पदाचं नाव हातभर लांब आहे, तुम्ही मदतनीस समजा. तण उपटायचं, रोपं मोजायची, तळ्यातल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहायचं. शिकले फार नाही, पण मोजमापात मला कोणी गंडवू शकत नाही. म्हणून सांगते ते ऐका, आणि मग म्हणायचं ते म्हणा.

बारांपैकी सात नंबरचा खुंट तळ्याकाठी आहे. तिथे पूर्वी शहरभरच्या पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून ओतत. वरचा उचलला, पण खाली अजून दोन हात विटा आणि खडी आहे. त्यावर गवत आणायचं होतं. गवत किती वाढलं ते फोटोत कळावं म्हणून समोर वीस पावलांवर एक काठी उभी धरावी लागते. सहा फुटी, फुटाफुटावर लाल आणि पांढरा पट्टा. बाकी अकरा खुंटांसमोर झाडं आहेत, तिथे काठीचं काम नाही.

ती काठी नऊ वर्षं आमच्या ह्यांनी धरली. दोघं एकाच कामावर होतो. सगळं उद्यान ह्यांना काठीवाले म्हणायचं. कॅमेरा मात्र माझ्याकडे, कारण ह्यांच्या हातात कॅमेरा दिला की कोपऱ्यात अंगठा आलाच. माझ्या भाचीच्या लग्नात ह्यांनी चाळीस फोटो काढले आणि चाळीसही फोटोंत डाव्या कोपऱ्यात अंगठा. भाची अजून म्हणते, "नवरदेव तीन फोटोंत नाही, पण काका सगळ्यांत आहेत!" तेव्हापासून कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असा मी हुकूमच काढला. त्याचा परिणाम असा, की आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी नाही. लेक लहान असताना अल्बम घेऊन बसायची आणि विचारायची, "आई, तू तेव्हा कुठे होतीस गं?"

ह्यांना ते लागायचं. काठी धरून उभे असले की तिकडून ओरडायचे, "गवत चौथ्या पट्ट्याला टेकलं ना, की तुझा फोटो मी काढणार. इथेच. मग काय तो अंगठा येऊ दे."

"आधी पहिल्या पट्ट्याला तर टेकू दे," मी म्हणायची. तेव्हा तिथे धड घोट्याएवढं गवत नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी सात नंबरच्या खुंटावरची पाटी सैल झाली. ती ठोकताना ह्यांनी हातोडी डाव्या अंगठ्यावर मारून घेतली. नखाच्या मुळाशी तांदळाएवढा काळा डाग पडला. ह्यांची नखं रविवारी सकाळी मीच कापायची. शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून बसायचे आणि नेलकटर लागायच्या आधीच "जपून, जपून" सुरू. त्या रविवारी नऊ नखं कापली. दहाव्याला हात लावू देईनात. म्हणाले, "हे राहू दे, ठणकतंय. काळं वर आलं की काप."

मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी बसले. मी दुधाचं भांडं घासून आले, तेवढ्यात गेले होते. कप सांडलासुद्धा नव्हता.

लेक म्हणाली, रजा घे. मी एक तारखेला कामावर गेले. घरात बसून करायचं काय, दोन माणसांच्या भांड्यांत एका माणसाचं जेवण?

सात नंबरला काठी धरायला कोणी नव्हतं. खाली विटा, त्यामुळे काठी रोवता येत नाही. मी दगड रचले आणि काठी त्यांना टेकवून उभी केली. ती कलली, उजवीकडे, चांगली वीतभर. असू दे म्हटलं. फोटो काढला, पडद्यावर पाहिला.

काठी सरळ होती. गवंड्याने ओळंबा लावून उभी करावी इतकी.

मी मान वर करून पाहिलं. समोर काठी दगडांवर कललेलीच होती. म्हटलं, उन्हाची तिरीप असेल, भिंगाचा काही खेळ असेल. डोळेही रडून सुजलेले होते. पुढच्या महिन्यात मुद्दाम डावीकडे कलवली. फोटोत सरळ. ऑफिसात संगणकावर फूटपट्टी लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. आमच्या नव्या अधिकारी मॅडम, माझ्या लेकीहून दोन वर्षांनी लहान, मागून म्हणाल्या, "काकू, काठी काय झकास धरलीय हो कोणी!" मी फोटो बंद केला आणि खुर्ची सरकवली.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट दिसली. गवत दुसऱ्या पट्ट्याच्या वर गेलं होतं, दाट, नुसतं हिरवंगार. पण काठीमागे जिथे हे उभे राहायचे तिथे ते दबलेलं होतं. दोन पावलांएवढं. डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. ह्यांचा डावा गुडघा अधू होता, तसेच उभे राहायचे.

आता तुडवलेलं गवत दोन-तीन दिवसांत मान वर काढतं, हे मला कोणी शिकवायला नको. दहा तारखेला गेले, तसंच. वीस तारखेला गेले, तसंच. पाती चिरडलेली आणि ओली, जणू आत्ताच कोणी पाय ठेवलाय. ससा बसत असेल म्हणावं, तर ससा काय पावलं जुळवून बसतो?

रात्री कोणती जनावरं येऊन गेली ते कळावं म्हणून आम्ही वाटेवर चाळलेल्या मातीचा पट्टा घालतो. सकाळी त्यात ठसे वाचायचे. तसाच पट्टा मी त्या दोन पावलांभोवती गोल घातला, हातभर रुंद, पिठासारखा सपाट केला. सकाळी पाहिलं तर एका चिमणीची नखं आणि सरड्याच्या शेपटीची रेघ. बाकी कोणी आत गेलं नव्हतं, कोणी बाहेर आलं नव्हतं. आत गवत मात्र ताजं दबलेलं.

भीती वाटली का? खोटं कशाला बोलू, त्या दिवशी वाटली. डबा तिथेच विसरून मी ऑफिसपर्यंत पळत आले. पण दुपारी भूक लागली आणि डबा आणायला परत जावंच लागलं. बसले तिथेच. खाता खाता मनात आलं, चौतीस वर्षं ज्या माणसाच्या घोरण्याला नावं ठेवली, त्याची आता भीती कसली?

मग रोजच डबा घेऊन तिथे जाऊ लागले. लेकीला नोकरीत बढती मिळाली, ते सांगितलं. नळ गळतोय आणि तुमचा तो पाना कुठे ठेवलाय देव जाणे, हेही सांगितलं. उत्तर येत नव्हतं. यायचंही नव्हतं, जिवंतपणी तरी कुठे धड यायचं! पण घरी जाताना मला हलकं वाटायचं, एवढं खरं. एकटीच्या त्या घरात दिवस काढायला मला ती दोन पावलं पुरत होती.

आणि मग मागच्या महिन्यात मॅडमनी बोलावलं.

"काकू, अभिनंदन. सात नंबर बरा झाला. येत्या एक तारखेचा फोटो शेवटचा. मग तो खुंट काढून पलीकडच्या उजाड तुकड्यात लावू."

"राहू द्या की तिथे," मी म्हटलं. "खुंट काय खायला मागतो?"

"बऱ्या झालेल्या पेशंटला आपण दवाखान्यात ठेवतो का?" त्या हसून म्हणाल्या. मग संगणकावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "फक्त काठीमागे एक उघडी जागा दिसतेय, छोटीशीच. तिथे शेजारच्या गवताची ढेकळं मुळांसकट आणून बसवा. कोणी पाय देणार नाही असं बघा, म्हणजे धरेल."

मी "हो" म्हटलं आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे मनसोक्त रडले. सोसतं तेवढं सोसलं होतं मी. पण ह्यांच्या पायाखालची जागा माझ्याच हाताने बुजवायची?

लेकीला फोनवर एवढंच सांगितलं, की खुंट काढतायत. ती म्हणाली, "आई, बाबांना गवत यायला हवं होतं ना? मग आलं की." पोरगी बापावर गेलीय. दोन शब्दांत बोलते आणि गप्प करते.

एक तारखेला सकाळी गेले. गवताची चार ढेकळं कापून घेतली होती. काठी टेकवून ठेवली आणि पाहिलं. गवताचे तुरे चौथ्या पट्ट्याला टेकले होते. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मी त्या दोन पावलांसमोर गुडघे टेकले.

"अहो," म्हटलं, "झालं बरं का. चौथ्याला टेकलं. आता किती वेळ असे उभे राहणार? गुडघा दुखेल. सरका जरा, मला लावू द्या."

वारा नव्हता. तळ्यावर एक तरंग नव्हता.

उजव्या पावलातलं एक पातं उठलं. मग दुसरं. मग सगळीच, सावकाश.

डावं पाऊल तसंच होतं. त्याला नेहमीच वेळ लागायचा. मी थांबले.

मग तेही उठलं.

उठलेली पाती विरळच होती, त्यांच्यामध्ये मी ढेकळं बसवली, तळव्याने दाबली. खालची माती कोमट होती. माणूस नुकता उठून गेलेली खुर्ची असते तशी.

खुंटाशी आले. डोळे पुसले, कॅमेरा लावला, बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं.

काठी कललेली होती. वीतभर, उजवीकडे. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणजे गेले. मीच सरका म्हटलं आणि सरकले. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही आणि नेमकं हे ऐकलं! कॅमेरा पिशवीत घातला आणि मागे वळून न बघता चालत सुटले.

ऑफिसात मॅडमनी कार्ड संगणकात घातलं आणि एकेक फोटो उघडत गेल्या. पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर. "काठी तिरकी का ठेवलीत, काकू? एवढे महिने..." बोलता बोलता त्यांनी पुढचा फोटो उघडला आणि थांबल्या.

"हा कोणी काढला? तुम्ही तर एकट्या गेला होतात ना?"

फोटोत सात नंबरचा खुंट होता, पण समोरून. काठीच्या बाजूने. खालच्या अर्ध्यात गवताचे तुरे होते आणि त्यांच्यापलीकडे खुंटामागे मी. गळ्यात अडकवायचा पट्टा तुटला म्हणून मी शिवलेला, तो आमचा कॅमेरा खुंटावर माझ्यासमोर होता. उद्यानात दुसरा कॅमेरा नाही. फोटोखाली वेळ होती आठ वाजून सात मिनिटं. आधीच्या फोटोखालीही तीच.

मी हसत नव्हते, रडून लाल झाले होते. पण छान आले होते. खरंच छान आले होते.

"नेमका कोपऱ्यात अंगठा आलाय बघा," मॅडम म्हणाल्या. "तेवढा कापू का?"

"नको," मी म्हटलं. "मोठं करून दाखवा."

त्यांनी मोठं केलं. डावा अंगठा. नख बरंच वाढलेलं. मुळाशी नवं, गुलाबी, स्वच्छ. तांदळाएवढा डाग सरकत सरकत पार टोकाला गेला होता.

मी मनातल्या मनात हिशेब केला. पाच महिन्यांत नख जेवढं वाढतं तेवढंच वाढलं होतं.

त्या दिवशी शनिवार होता. घरी आले, कपाटातून नेलकटर काढला, पुसला आणि खिडकीशी ठेवला. काळं वर आलं होतं.