कुणी राहिलंय का?

विश्वास ठेवा, नका ठेवू, पण हे विशाखाच्या बाबतीत घडलंय.

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली ती नाही. तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, अंगारे-धुपारे नाहीत. म्हणूनच तर तिनं बरेच दिवस हे कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यातला सोमवार होता. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. चिकलठाण्यात जालना रोडवर ऊन रणरणत होतं आणि कारखान्याच्या मीटिंगरूममध्ये एसी घरघरत होता.

विशाखाचं काम मीटिंगांची आखणी करायचं. नोकरी टेम्पररी. जूनमध्ये पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, हे मॅनेजर शिवराज साहेबांच्या हातात होतं. मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोल्या, आईचं औषधपाणी, सगळं त्या एका सहीवर लटकलेलं.

सोमवारच्या मीटिंगला अर्धी माणसं खोलीत, अर्धी पुण्याहून ऑनलाइन. ऑनलाइनवाल्यांचं रडगाणं नेहमीचं, आम्हाला कुणी बोलूच देत नाही.

विशाखानं तोड काढली. आवाज येईल तिकडं आपोआप वळणारा कॅमेरा बसवून घेतला. शेवटी प्रत्येकाला पाळीनं बोलू द्यायचं, असा नियम केला. आणि मीटिंग बंद करण्याआधी ती स्वतः विचारायची, "कुणी राहिलंय का?"

रिकाम्या घरात हाक मारू नये म्हणतात. मीटिंगरूमचं कुणी सांगून ठेवलेलं नसतं.

त्या सोमवारी तिनं विचारलं. खोलीत कुणीच बोललं नाही.

तरी कॅमेरा वळला...

हळूच. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं. आणि तिथंच थांबला.

पडद्यावर पुण्याची तनुजा मान हलवत होती. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"बरं काका," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

खोलीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मीटिंग संपल्यावर शिवराज साहेबांनी विशाखाला थांबवलं.

"तनुजा म्हणतीय, दाराजवळ करड्या स्वेटरमधला कुणीतरी म्हातारा बसलावता. युनियनचं माणूस आत घेताय का तुम्ही?"

"नाय साहेब. खुर्ची रिकामी होती. तुम्ही तिथंच होता की."

"मी स्क्रीनकडं बघत होतो. हे बघा, असं परत झालं तर जूनचं काय मला विचारू नका."

 विशाखाचं डोकं चालत होतं. मे महिन्यात स्वेटर? पाणी कुठंतरी मुरत होतं. मीटिंगांचं काम पुण्याहूनच करावं, असं तनुजा मागंच म्हणाली होती. विशाखाला वाईट ठरवलं की तिचा रस्ता मोकळा. गोड बोलणारी माणसंच केसानं गळा कापतात.

तिनं ठरवलं, तनुजाचं खोटं पकडायचं.

पुढच्या सोमवारी ती साहेबांना म्हणाली, "आज शेवटचं तुम्ही विचारा. बाहेर आवाज कसा येतो ते मी बघते."

ती कॉरिडॉरमध्ये आली. दार लावून घेतलं. कानात इअरफोन घालून मोबाईलवरून मीटिंगला जोडली गेली.

निघताना तिनं बघितलं होतं, दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तिला हायसं वाटलं.

सगळ्यांचं बोलून झालं. साहेबांनी विचारलं, "कुणी राहिलंय का?"

 विमानतळावर उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं.

कॅमेरा वळला...

खुर्चीवर म्हातारा बसला होता.

करडा स्वेटर. एक हात वर. किती वेळ धरलाय कोण जाणे, कोपर थरथरत होतं.

"बोला ना काका," तनुजा म्हणाली.

इअरफोनमध्ये आधी खोकला आला. मग आवाज.

"माझं जास्ती काय नाय, बाई. एवढंच विचारायचंय... माझ्या जागेवर कुणाला घेतलं?"

कॅमेरा पुन्हा वळायला लागला. पडद्यावरून खुर्ची सरकली, भिंत सरकली. दारावर येऊन थांबला. बंद दार.

त्या दाराच्या पलीकडं विशाखा उभी होती.

साहेबांनी दार उघडलं तशी ती त्यांना ओलांडून डोकावली. आत खुर्ची रिकामी होती.

चहा देणाऱ्या साळूबाईला तिनं गाठलं. स्वेटरचं सांगितलं. साळूबाईनं किटली खाली ठेवली.

"कडुबाकाका. स्टोअर सांभाळायचे. लई थंडी वाजायची, बारा महिने सेटर. लॉकडाऊनमधी अशीच मीटिंग झाली बाई. अर्धे इथं, अर्धे टीव्हीत. तिथंच त्यांची जागा कमी केली. बिचारे हात वर करून बसले, पर सगळे टीव्हीकडं बघत व्हते. 'थँक्यू' म्हनले अन् बंद केलं. त्याच महिन्यात गेले."

"आणि त्यांची जागा?"

"ती लई दिवस रिकामी व्हती. मग तुम्ही आल्या की. काम येगळं, जागा तीच."

विशाखाला रडू आलं. भीतीनं की कशानं, तिचं तिलाच कळलं नाही.

रिकामी खुर्ची या वेळी साहेबांनी स्वतः बघितली होती; जूनमध्ये ती पर्मनंट झाली. आईनं गल्लीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात विशाखानं साहेबांना पटवलं, की मीटिंग पूर्ण ऑनलाइन करू, ज्यानं त्यानं आपापल्या टेबलावरून. मीटिंगरूमला कुलूप लागलं. कॅमेऱ्याची वायर तिनं स्वतः काढली.

आता ती घरून किंवा टेबलावरून मीटिंग सुरू करते. कुणाला आत घ्यायचं, ते बटण तिच्याकडं असतं.

आणि दर सोमवारी, सगळे आल्यावर, तिच्या स्क्रीनवर एक ओळ येते...

'चिकलठाणा मीटिंगरूम आत येऊ इच्छिते.'

ती बटण दाबत नाही. ती ओळ मीटिंग संपेपर्यंत तिथंच राहते. कुणी राहिलंय का, असं विशाखा आता विचारत नाही.

तनुजावर संशय घेतल्याचं तिला वाईट वाटतं. पोरगी मनानं चांगली आहे, कुणाला ताटकळत ठेवत नाही.

येत्या सोमवारी आईच्या ऑपरेशनसाठी विशाखाची रजा आहे.

मीटिंग तनुजा घेणार आहे.