पाच स्वच्छ नळ्या

बाई गेल्या तेव्हा कागदोपत्री त्या ठणठणीत होत्या.

सकाळी साडेसातला अभ्यासप्रमुख डॉक्टरांचा फोन आला. नुसत्या आवाजावरूनच भिंगबाईंनी ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय. श्वसनाचा विषाणू घरच्या घरी ओळखणारी एक नवी पट्टी बाजारात येऊ घातली होती. ती खरंच काम करते का हे तपासणारा अभ्यास डॉक्टर चालवत होते, आणि त्यावर देखरेख भिंगबाईंची. कागद डोळ्यांशी धरून वाचायच्या सवयीवरून कर्मचाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"सत्तरीच्या बाई होत्या," डॉक्टर म्हणाले. "काल पहाटे रुग्णालयात नेलं, तासाभरात गेल्या. फुप्फुसं विषाणूने भरलेली. आणि आपल्याकडे सहा दिवस रोज निगेटिव्ह."

"पट्टी की प्रयोगशाळा?"

"दोन्ही. मुलाने तक्रार दिलीय. आपल्या परिचारिकेने नमुन्याच्या नळ्या बदलल्या म्हणतो. चार वाजता समिती बसतेय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, अभ्यास वाचला पाहिजे."

म्हणजे खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरलं होतं. भिंगबाईंना त्यांचा मनस्वी राग आला.

परिचारिका कार्यालयाच्या साठवणीच्या खोलीत बसली होती. भोवती चाचणीच्या खोक्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात घुरघुरणारा फ्रीज. तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं, तरी हात सारखा गळ्याशी जात होता.

"त्या घरात रोज काय व्हायचं? पहिल्यापासून सांगा."

"सकाळी दहाला मी दारात. नाकात काडी फिरवायची ती घरच्यांनीच, असा नियम आहे मॅडम. उद्या पट्टी विकत घेऊन लोक स्वतःच करणार ना, म्हणून. एक काडी पट्टीसाठी, दुसरी नळीत. पट्टीचा फोटो मुलगा काढायचा आणि नळी दाराबाहेर ठेवायचा. मी तिला सील लावून डब्यात घालायची."

"सीलचा रोल कुणाकडे?"

"माझ्याकडेच. म्हणून तर सगळे माझ्यावर घसरलेत."

"तुम्ही आत गेलात कधी?"

"आत जायचं नाही, हाही नियमच. एका घरातलं दुसऱ्या घरात नको."

"बाई दिसायच्या?"

"पहिल्या दिवशी दारापर्यंत आल्या होत्या, हसल्या. दुसऱ्या दिवसापासून नुसता खोकला ऐकू यायचा. मी मुलाला विचारलं, तर म्हणाला जुना दमा आहे."

भिंगबाईंनी तिची वही डोळ्यांशी धरली. पहिल्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'काडी लालसर, नाकातून थोडं रक्त'. पुढचे पाचही दिवस एकच शब्द होता, 'स्वच्छ'.

"अठरा वर्षं झाली मॅडम," परिचारिका खाली बघत म्हणाली. "नोंदणी रद्द झाली तर मला दुसरं काही येत नाही."

भिंगबाई खोटा दिलासा देत नसत. त्यांनी वही पिशवीत टाकली आणि थेट त्या घराचा रस्ता धरला.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडक्या बंद होत्या आणि हवेत औषधी मलमाचा वास कोंडला होता. आतल्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. दाराशी एक मोठी बॅग तयार होती, कुलूप लावलेली. मुलगा पस्तिशीचा, जहाजावर मेकॅनिक. डोळे सुजलेले होते, पण बोलणं चोख.

"परिचारिकेवर इतका संशय का?"

"नळ्या तिच्याच हातातून जायच्या. दुसरं कोण?"

"फोटो बघू."

त्याने मोबाइल पुढे केला. सहा फोटो, सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलेले. पट्टीवर एकेकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. वेळ रोजची पावणेदहाची.

"हे तुम्हीच काढलेत? इथेच?"

"मग काय. घरात आम्ही दोघंच."

"तुम्हाला नाही झाला संसर्ग?"

"मला मागच्या महिन्यातच होऊन गेला. इतक्यात पुन्हा होणार नाही म्हणाले, म्हणून आईचं सगळं मीच करत होतो."

टेबलावरच्या फळीवर औषधं नीट रचलेली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, मलमाची डबी. भिंगबाईंनी एकेक पाकीट उलटून पाहिलं. दम्याचं काहीच नव्हतं, साधा पंपसुद्धा नाही.

"जहाजावर कधी जाणार होतात?"

"आजच. आता कसलं जहाज."

त्याचा आवाज फुटला, आणि तो खोटा नव्हता. जिने उतरताना भिंगबाईंना तेच जास्त बोचलं.

कार्यालयात परतल्यावर त्यांनी त्या घराची फाइल काढली. सहभागी लोक सहसा निकाल फोनवर ऐकतात आणि विसरून जातात. इथे पाच अर्ज होते, रोज एक, दुसऱ्या दिवसापासूनचे. प्रत्येकात प्रयोगशाळेच्या निकालाची शिक्का मारलेली प्रत मागितली होती.

त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला.

"सहाही नळ्या आहेत अजून?"

"आहेत. विषाणू नाही, पण माणसाच्या नाकातल्या पेशी सगळ्यांत आहेत. तेवढं आम्ही रोजच बघतो."

"पेशी बाईच्या की पुरुषाच्या, हे कळेल?"



"कळेल. पण आजवर कुणी विचारलं नाही."

उत्तर पावणेचारला आलं. भिंगबाईंनी समितीला निरोप पाठवला की अर्धा तास थांबा, आणि डॉक्टर, परिचारिका आणि मुलगा यांना एकाच टेबलाशी बसवलं.

"परिचारिकेच्या हातात फक्त नळी यायची," त्या म्हणाल्या. "समजा, तिने ती बदलली. मग घरातल्या पट्टीने तरी बाईंचा आजार पकडायला हवा होता. पट्टीला तर तिचा हातही लागला नव्हता."

"पट्टी चुकली असेल," डॉक्टर म्हणाले.

"बाई दुसऱ्या दिवसापासून खोकत होत्या. ते पाचही दिवस पट्टी चुकली, आणि नेमके तेच पाच दिवस नळ्याही बदलल्या गेल्या? एवढा योगायोग मला पचत नाही. दोन्हीकडे खोटं उतरलं, ते दोन्हीच्या आधीच्या जागेवरून. काडी नाकात जाते तिथून."

मुलगा बॅगेच्या किल्लीशी चाळा करत होता. तो थांबला.

"बाई रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या. पहिल्या दिवशी काडी लागली आणि रक्त आलं. पुढे पाच दिवस एक थेंब नाही. गोळ्या त्याच, नाक तेच, मग रक्त का थांबलं? पहिल्या नळीत बाईच्या पेशी आहेत आणि पुढच्या पाचांत पुरुषाच्या. घरात पुरुष एकच होता, नुकताच या आजारातून उठलेला. त्याची चाचणी निगेटिव्हच येणार होती. आम्ही रोज तपासलं की काडी नाकात गेली का. कुणाच्या नाकात, हे एकानेही तपासलं नाही."

"मी असं कशाला करेन?" मुलगा म्हणाला.

"शिक्क्याच्या पाच प्रतींसाठी. मी तासाभरापूर्वी तुमच्या जहाज कंपनीला विचारलं. घरात सात दिवसांत कुणी पॉझिटिव्ह निघालं, तर जहाजावर घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी आई खोकायला लागली, तेव्हा तुम्ही परिचारिकेला दम्याचं सांगितलंत. दम्याचं औषध घरात नाही. आई गेल्यावर कुणीतरी प्रश्न विचारणार हे तुम्हाला कळत होतं, म्हणून आधी तुम्हीच बोट दाखवलंत."

मग त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"वर्षभर घरी बसून होतो. म्हटलं, साधा खोकला असेल, जाईल."

भिंगबाईंनी तक्रारीवरचं परिचारिकेचं नाव खोडलं, शेजारी सही केली आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टरांनी मान वर न करता सही ठोकली आणि पोलिसांना फोन करायला उठले. परिचारिकेला रडू फुटायला हवं होतं, पण ती त्या मुलाकडेच बघत राहिली.

"आईंनी विचारलं नाही," तिने हळूच विचारलं, "की माझ्या नाकात काडी का घालत नाहीस?"

"विचारलं ना," तो म्हणाला. "मी म्हटलं, तुला रक्त येतं, त्रास होतो, घरातल्या एकाची केली तरी चालते. रोज निकाल विचारायची. निगेटिव्ह म्हटलं की निवांत पडायची, डॉक्टरकडे नको म्हणायची." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "शेवटच्या दिवशी फोनवर मावशीला सांगत होती, पोरगं मला फार जपतं गं."