ऐंशी पावलांवरची टेंभुर्णी

जालन्याच्या थांब्यावरून टेंभुर्णीची काळी-पिवळी साक्षीच्या डोळ्यांदेखत निघून गेली. काचेवरची पाटी तिला वाचता येईतो गाडी वळणापार झाली होती.

"असल्या बारीक पाट्या कोण रंगवतं, कोण जाणे," ती शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला म्हणाली.

त्याच्या हातात रंगाचा डबा होता. "मीच," तो म्हणाला. "संघपाल. पट्टी वीतभर, नाव हातभर... बारीक न्हाई काढावं तर काय करावं?"

"उंच काढावं. दांडा जाड, अंग अरुंद, वेलबुट्टी बिलकुल नको. गर्दीत माणूस अंग चोरतो — उंची कमी करत न्हाई."

साक्षी फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर मजकूर बसवीत असे, आणि दोन वर्षांपासून नेमकी अशीच अक्षरमाला घडवीत होती. थांब्याचे प्रमुख तातेराव यांनी हे ऐकले व अट घातली: चौथ्या रविवारी ऐंशी पावलांवरून नाव वाचता आले, तर चाळीसही गाड्यांवर तिची अक्षरे, नाहीतर बाहेरून तयार स्टिकर मागवायचे.

मग दर रविवारी सकाळी मैदानात साक्षी नव्या नावाची पाटी धरून उभी राही आणि संघपाल पावले मोजीत मागे मागे जाई. साठाव्या पावलावर तो हात हलवून सांगे — दिसंना. परत येई, चहा होई, अक्षराच्या पोटातली पोकळी किती मोकळी ठेवावी यावर तासभर बोलणे होई. तो पाटीवर वाकला की टर्पेंटाइनचा वास येई, आणि एरवी मिलिमीटर न चुकणारी साक्षी मोजपट्टी उलटी धरी. तिने अक्षरे रुंद केली, आणखी रुंद केली. तिसऱ्या रविवारी लांब नावे पट्टीबाहेर सांडू लागली.

चौथ्या रविवारी तातेराव येण्यापूर्वी तिने पहिल्याच, अरुंद घडणीची पाटी उचलली: टेंभुर्णी. आपल्या अक्षरांवर तिचा पूर्ण विश्वास होता. संशय आता दुसऱ्याच कशाचा होता.

संघपाल तिच्याकडे पाहत मागे जात राहिला. साठ केव्हा सरले, त्याला कळले नाही.

"मॅडम," तो लांबून ओरडला, "र्णीचा रफार वेलांटीला चिकटून राह्यला. मधी केसभर फट ठिवा."

साक्षीने पाटी खाली ठेवली आणि पावले मोजीत त्याच्यापर्यंत गेली. ब्याण्णव.

"ब्याण्णव पावलांवरून रफार दिसतो," ती म्हणाली, "अन् साठांवरून नाव दिसंना?"

त्याने डब्याचे झाकण दाबून बसवले. "पहिल्याच दिवशी दिसलं म्हणलो असतो... तर दुसऱ्या रविवारी तुम्ही आल्या असत्या का?"

"तुमच्यापायी माझी अक्षरं फुगली. काम हातचं गेलं असतं."

"चुकलंच माझं. आता शंभरावरून वाचतो, तातेरावांसमोर."

"तुम्ही न्हाई. तुमच्यावर कोण भरवसा ठेवील? तातेरावच वाचतील."

तिने संघपालकडून पाटीवर केसभर फट पाडून घेतली. तातेरावांनी ऐंशी पावलांवरून नाव एका दमात वाचले, चाळीस पाट्यांचे काम सांगितले आणि ते निघून गेले.

"चाळीस पाट्यांना किती रविवार लागतील?" साक्षीने विचारले.

"चाळीस."

तिने नुसते पाहिले.

"...दोन," तो म्हणाला.

"मंग पुढच्या सगळ्या रविवारी यायचं," तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला. "फक्त मागं मागं जायचं न्हाई. इथं, शेजारी उभं राहायचं."