बाहेरची कडी

बायकोला घेऊन परगावी जायचं ठरलं की कुलूपवाल्याची तयारी आठ दिवस आधी सुरू व्हायची. तिकिटं, बॅगा, डबे हे सगळं नंतर. आधी हॉटेलांना फोन.

"खोलीला खिडकी आहे ना? उघडते का? पूर्ण उघडते की नुसती चार बोटं? बाहेर काय दिसतं, भिंत की आकाश? जिना आहे ना, की फक्त लिफ्ट? आणि बाथरूमच्या दाराला कड्या किती?"

इथवर आल्यावर पलीकडचा माणूस हमखास गप्प व्हायचा. एकाने तर सरळ विचारलं होतं, "साहेब, तुम्हाला राहायचंय की पळून जायचंय?"

चूक त्या माणसाची नव्हती. कुलूपवाल्याच्या बायकोला बंद जागेची भीती होती, आणि तीही अशी की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ती एकदाही लिफ्टमध्ये चढली नव्हती. बाथरूमचं दार तिने कधी पूर्ण लावलं नाही; ती आत असली की तो दाराकडे पाठ करून राखणीला उभा. कडी सरकल्याचा नुसता आवाज झाला तरी तिचे हात गार पडायचे. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो कड्या-कुलपांच्या दुकानाचा मालक. मेहुण्याला हा विनोद सव्वीस वर्षं पुरला होता. "ताईच्या घरात एका दाराला कडी नाही," तो येईल त्याला सांगायचा, "चोर येतो, लाजतो आणि परत जातो."

कुलूपवाला हसायचा. त्याला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटायचा. गर्दीत, दारात, जिन्यावर ती त्याचा अंगठा मुठीत धरायची, आणि तेवढ्यावर आपण जगाचे राजे आहोत असं त्याला वाटायचं.

त्याची एक पद्धत ठरलेली होती. हॉटेलवर पोचलं की ती खाली थांबायची. तो एकटा वर जायचा आणि बाथरूमच्या दोन्ही कड्या स्क्रू ड्रायव्हरने काढून ठेवायचा. आतली तर काढायचाच, पण बाहेरचीही, कारण कोणी चुकून बाहेरून लावली तर, ही तिची सगळ्यात मोठी धास्ती. रिकाम्या भोकांत तो काडीपेटीच्या काड्या मोडून खोचायचा, म्हणजे परत बसवताना स्क्रू घट्ट धरतो. काडी खोचायची तीही उलटी, गुल बाहेर ठेवून. निघताना सगळं जिथल्या तिथे. आजवर एकाही हॉटेलला पत्ता लागला नव्हता.

या खेपेला मात्र कामच तसं होतं. तिच्या डोकेदुखीला वर्ष होत आलं होतं आणि डॉक्टरांना एमआरआय हवा होता. पहिल्या वेळी ते यंत्र बघूनच तिने चपला घातल्या. दुसऱ्या वेळी खांद्यापर्यंत आत गेली आणि अशी ओरडली की बाहेर नंबर लावून बसलेले दोघे घरी निघून गेले. "आत काय आहे ते दिसल्याशिवाय मी काही करू शकत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि आता वेळ काढू नका." मोठ्या शहरात जरा रुंद यंत्र होतं. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. तोवर तिचं मन शांत राहिलं पाहिजे. म्हणजे सगळा भार हॉटेलच्या खोलीवर.

फोन करून करून त्याच्या नाकी नऊ आले होते. आठव्या हॉटेलात एका बाईने फोन उचलला. तो खिडकीपर्यंतच पोचला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "बंद जागेचा त्रास आहे ना? घेऊन या. त्यांच्यासाठी आमच्याकडे खोली आहे."

त्याने त्रासाचं नावही काढलं नव्हतं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण माणूस थकला की चांगलं उत्तर पटकन खरं मानतो.

ते दुपारी तीनला पोचले. हॉटेल तीन मजली, एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला छापखाना. काउंटरवर फोनवरचीच बाई असावी. साठीची, नीटनेटकी, आवाज तोच. बायकोला खाली खुर्चीवर बसवून तो जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेला.

खोली बघून त्याचा जीव भांड्यात पडला. अख्ख्या भिंतीएवढी खिडकी, समोर फक्त गच्च्या आणि आकाश. पल्ले पूर्ण उघडत होते. मग तो बाथरूमकडे वळला आणि दारातच थांबला.

आतली कडी नव्हती. तिच्या जागी चार भोकं होती, आणि प्रत्येक भोकात काडीपेटीची मोडलेली काडी. उलटी. गुल बाहेर.

त्याने दाराचा आतला भाग निरखून पाहिला. त्याला नुकताच रंग दिला होता, पण फक्त खालच्या अर्ध्या भागाला, छातीच्या उंचीपर्यंत. बाहेरच्या बाजूला मात्र कडी होती. पितळी, जाडजूड, नवी, तेल घातलेली. चार स्क्रू पुरले असते तिथे सहा. तीस वर्षं याच धंद्यात काढलेल्या माणसाला ते खटकल्याशिवाय कसं राहील? अशी कडी बाथरूमला लावत नाहीत. अशी कडी गोदामाला लावतात.

त्याने सहाही स्क्रू काढले, कडी रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली आणि बायकोला बोलावलं.

ती आली, खिडकीपाशी उभी राहिली, मोठा श्वास घेतला. "छान शोधलीत हो," म्हणाली. मग "तोंड धुते" म्हणून बाथरूममध्ये गेली. सवयीने तो दाराकडे पाठ करून उभा राहिला, आणि पाठीला लाकूड लागलं. दार पूर्ण बंद होतं.

"अगं?"

आतून एकदा धप् असा आवाज आला. पाइपात हवा अडकली असेल, त्याने मनाशी म्हटलं. दार ढकलावं असं दोनदा मनात आलं, पण तिने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लावलेलं दार ढकलायचं कसं? पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा कोरडा होता. टॉवेलची घडीही मोडलेली नव्हती.

"किती शांत आहे आत," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने खिडकी लावून घेतली. म्हणाली, रस्त्याचा आवाज येतो. तो कान देऊन ऐकत राहिला. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. चहाला खाली जायचं म्हटल्यावर ती जिना ओलांडून सरळ लिफ्टमध्ये शिरली. तो धावत जिना उतरला. खाली लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती आत उभी, पदरसुद्धा हलला नव्हता. रात्री झोपेपर्यंत तो दोनदा बाथरूममध्ये जाऊन आला. बादली, नळ, आरसा. दुसरं काही नव्हतं.

सकाळी तपासणी झाली. ती त्या नळकांड्यात पस्तीस मिनिटं होती. यंत्र चालवणारा तरुण बाहेर आला तो कौतुक करतच. "काका, बोटसुद्धा हलवलं नाही हो काकूंनी! आणि बाहेर काढल्यावर काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, एवढ्यातच?"

कुलूपवाल्याला आनंद व्हायला हवा होता. ज्या गोष्टीसाठी वर्षभर धडपड केली ती झाली होती. पण टॅक्सीत बसल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. काचा वर होत्या. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते, आणि त्याचा अंगठा मोकळा होता.

मग संशय आला तो आलाच. ही सव्वीस वर्षं नाटक करत होती का? त्या काड्या कोणी खोचल्या? आपल्यासारखाच कोणीतरी तिला घेऊन इथे आधी येऊन गेला असेल? स्वतःच्याच विचारांची त्याला लाज वाटली, तरी तो विचार करतच राहिला.

"तू इथे आधी कधी आली होतीस?"

"मी? तुमच्याशिवाय मी कुठे जाते?"

उत्तर बरोबर होतं. एखादं पोर पाठ केलेलं म्हणून दाखवतं, तसं बरोबर.

हॉटेलवर पोचल्यावर ती लिफ्टने वर गेली. तो काउंटरवर थांबला. "बाथरूमची बाहेरची कडी कोणी बसवली आहे?"

बाईने वर पाहिलं. "बरोबर आलेले लोक बसवतात. जाताना."

"आणि आतली?"

"ती परत बसवा असं कधी कोणी म्हटलं नाही," ती म्हणाली आणि किल्ल्या लावायला लागली.

तो वर आला तेव्हा बॅग भरून तयार होती. बायको म्हणाली, "हात धुते, मग निघू," आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे जे झालं त्यात एवढी एक गोष्ट तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता.

दाराशी गुडघे टेकून त्याने बॅगेतून काढलेली बाहेरची कडी परत बसवायला घेतली. पद्धत ती पद्धत. एकेक करत सहाही स्क्रू बसले. कडीवर हात तसाच राहिला. मनात आलं, बघू तरी. खरी भीती असेल तर कळेल. नाटक असेल तरी कळेल.

जे त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. कडी सरकवली.

तेल घातलेली कडी. आवाज जेमतेम झाला.

आतून काही नाही. तो मोजत राहिला. वीस. तीस. चाळीस. त्याला स्वतःची किळस आली आणि रागही आला. सव्वीस वर्षं फसवलं हिने.

मागे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज झाला. पावलं आली.

"अहो, झालं की नाही? टॅक्सी थांबवून ठेवली आहे."

त्याने मान वळवली. बायको खोलीच्या दारात उभी होती. खांद्याला पर्स, चेहरा शांत.

"तू... आत होतीस."

"मी केव्हाची खाली गेले. तुम्हाला सांगूनच गेले की."

तेवढ्यात बाथरूमच्या दारावर आतून थाप पडली. खालच्या अर्ध्या भागावर.

"अहो? कडी कोणी लावली? अहो, उघडा ना! मला श्वास... अहो!"

तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. त्याने कडी ओढली, दार ढकललं.

बादली. नळ. आरसा. कोणी नव्हतं. लादी कोरडी होती.

दारातली बायको नुसती बघत राहिली.

त्याने दार लावलं. कान लावून ऐकलं. शांतता. त्याने कडी पुन्हा सरकवली.

"का लावलीत परत?" आतून रडणं. "मी काय केलं? अहो, उघडा, पाया पडते तुमच्या!" नखं लाकडावर ओढली जात होती.

कडी काढली. दार उघडलं. कोणी नाही.

तेव्हा त्याला एवढं कळलं, आणि याहून जास्त पुढेही कधी कळलं नाही. कडी उघडी असली की ती, त्याचा अंगठा मुठीत धरणारी, कुठेच नव्हती. कडी लावली तरच ती होती.

तो बराच वेळ उघड्या दारासमोर बसून राहिला. मग त्याने दार ओढून घेतलं आणि तिसऱ्यांदा कडी लावली.

आता रडणं नव्हतं. अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा, दमलेला, बारीक आवाज आला.

"तिथे आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "इथेच आहे."

त्याच्या मागे खोलीचं दार हलकेच लागलं. बायको आत आली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता.

"दोन-तीन वेळाच बोलते ती," बायको म्हणाली. "मग गप्प होते. चला."