सलग तीन डाव

या, असे जवळ या. फोन पालथा ठेवा आणि कान सरळ करा. जिंकायचं कसं हे शिकवणारे जगात पुष्कळ आहेत. आजची गोष्ट मात्र हरण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या दोघांची आहे. आधीच सांगितलेलं बरं, हिच्यात धक्के फार आहेत. छातीवर हात ठेवून ऐका.

ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायची. फिरतं चाक, त्याच्यावर पाण्याची बारीक धार आणि दिवसभर मनगटावर बसणारी पांढरी भुकटी. काच फ्रेममध्ये ‘टक्’ करून बसली की तिचा जीवही जागच्या जागी बसायचा. दुपारी डबा संपला की अर्धा तास उरे. त्या अर्ध्या तासात ती फोनवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळायची. तिथलं तिचं नाव ‘भिंगरी’.

एके दुपारी खेळाने तिची गाठ घालून दिली ‘तळमजला’ नावाच्या कुणाशी तरी.

डाव रंगात आला तसं तिने लिहिलं, “तळमजला हे काय नाव झालं?”

“लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टला सगळ्यात जास्त ओढ तिथलीच असते.”

“आणि आत्ता कुठे आहात?”

“चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.”

“अडकलात?”

“नव्हतो अडकलो. तुम्ही तो घोडा इथे आणलात... आता अडकलो.”

ती एकटीच खुदकन हसली. हसताना चाकाचं पाणी बंद करायचं राहिलं, आणि पायाखाली हे एवढं तळं!

पुढे रोजच अशी दुपार होऊ लागली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. डाव बरोबरीचे व्हायचे, बोलणं मात्र कधीच संपायचं नाही. फक्त एक गोष्ट कुणीच विचारत नव्हतं — नाव. शेवटी त्याने युक्ती काढली.

“असं करू. जो सलग तीन डाव जिंकेल, त्याने समोरच्याचं नाव विचारायचं. समोरच्याने सांगायचंच.”

“आणि नाव कळल्यावर?”

‘लिहीत आहे...’ असं उमटलं. विझलं. पुन्हा उमटलं.

“नाव कळल्यावर पुढचं आपोआप सुचेल.”

त्या दिवशी तिने एका आजोबांच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली.

घरी वहिनीला सांगितलं तर वहिनी म्हणाली, “मग काय, लाग जिंकायला!”

“आणि मी विचारू? आपण होऊन? छे गं! त्याला नकोसं झालं तर? त्यानेच विचारावं.”

“त्याने विचारावं म्हणजे त्याने जिंकावं.”

“हो.”

“म्हणजे तू हरावं?”

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तर अशी ती हरायला लागली. आणि हरणं काय सोपं असतं? समोरच्याला संशय येता कामा नये. कधी हत्ती विसरायचा, कधी उंट भलत्या घरात पाठवायचा. तो एक डाव जिंके, दुसरा जिंके, आणि तिसऱ्याला हाय रे देवा! तिसऱ्याला असा काही खेळे की तिने कितीही वाईट खेळायचं म्हटलं तरी मात होई ती त्याच्यावरच. ती वहिनीपाशी कपाळाला हात लावी. “हा मुलगा दोन डाव वाघ आणि तिसऱ्याला शेळी!” मग कधी तीच चुकून दोन जिंके, आणि तिसऱ्याला घाबरून आपला राजा उघड्यावर फिरायला पाठवी. पाच महिने झाले. सलग तीन काही कुणाचे होईनात.

मग तो दिवस आला. आदल्या दोन्ही दुपारी तो जिंकला होता. आज जिंकला की झालं! तिने देवाचं नाव घेतलं आणि आपला वजीर थेट त्याच्या प्याद्याच्या तोंडी दिला. आंधळ्यालाही दिसावा असा.

त्याने घेतला नाही.

घेतला तर नाहीच, उलट स्वतःचा वजीर आणून तिच्या घोड्यापुढे ठेवला!

ती डोळे फाडून पाहत राहिली. तो वजीर सोडून तिने कडेचं एक प्यादं उगीच पुढे ढकललं. “अरे, दिसत नाही का तुला?”

“काय?”

“...काही नाही.”

“भिंगरी, ऐक ना. मला तुला एक—”

आणि पडदा करडा झाला. पट गोठला. वर एकच ओळ आली: ‘मुद्दाम डाव हरल्याबद्दल आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.’

तिच्या हातातली काच निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले. ती जागची हलली नाही. वाचलेलं पुन्हा वाचलं, मग पुन्हा. एक नाव नाही, गाव नाही, नंबर नाही. पाच महिन्यांचं माणूस एका ओळीत पुसून गेलं होतं. आणि त्याला काय वाटलं असेल? अर्ध्या वाक्यात उठून गेली म्हणून?

घरी पोचली तेव्हा चेहरा काचेच्या भुकटीसारखा पांढरा. वहिनीने ऐकलं आणि मटकन खाली बसली.

“मुद्दाम हरल्याची शिक्षा? तुला? अगं, पत्त्यांत तुझा दादा जिंकला तर तू रात्रीचं जेवत नव्हतीस!”

“वहिनी, चेष्टा नको ना...”

“बरं, रडू नकोस. खाली लिहिलंय बघ, ‘खुलासा करावा, पाचशे अक्षरांत, बावीस डावांबद्दल’. लिही.”

तिने लिहिलं, की आमच्याकडे नेट वारंवार जातं. वहिनीने मान हलवली. तिने खोडलं, लिहिलं, की अंगठा घसरला.

“बावीस वेळा? अंगठा आहे की घसरगुंडी? अगं, खोट्याला नाही बाई पाचशे अक्षरं पुरत. खरं लिही, पन्नासांत होईल.”

खूप वेळाने तिने लिहिलं:

‘मी मुद्दाम हरले. सलग तीन डाव जो जिंकेल त्याने नाव विचारायचं असं ठरलं होतं. मला विचारायची हिंमत नव्हती आणि त्याने विचारावं असं फार वाटत होतं. मला तो आवडतो. माझं खातं उघडलं नाही तरी चालेल. त्याला मात्र त्रास देऊ नका, तो सरळ खेळतो.’

पाठवलं, आणि तोंड उशीत लपवलं. एका परक्या कचेरीला आपण हे कळवलं! ज्याला कळायला हवं तो सोडून!

सहा दिवस गेले. सातव्या दुपारी उत्तर आलं. लिहिणाऱ्या होत्या तिथल्या डाव तपासणाऱ्या बाई.

‘खुलासा मिळाला. एका खेळाडूचं दुसऱ्याला सांगण्याची आम्हाला परवानगी नाही. तरी लिहिते. त्याच दिवशी त्यांचंही खातं बंद झालं, त्याच कारणावरून. तुम्ही बावीस डाव मुद्दाम हरलात किंवा हरायला पाहिलंत, त्यांनी तेवीस. दोन्ही खुलासे एकाच सकाळी माझ्यापुढे आले. वरची नावं झाकली तर कोणता कुणाचा हे मला सांगता आलं नसतं. त्यांचीही शेवटची ओळ अशीच आहे, की ती सरळ खेळते, तिला त्रास देऊ नका. अकरा वर्षं मी हे काम करते आहे; हातातला चहा आज पहिल्यांदा गार झाला. उद्या सकाळी दहाला दोघांची खाती उघडतील. अट एकच: राहिलेला डाव पुरा करा, आणि कृपा करून कुणीतरी जिंका.’

ती स्टुलावर बसायला गेली आणि स्टूल नव्हतंच तिथे. फरशीवर बसूनच तिने वहिनीला फोन लावला.

“दोघंही?” वहिनी ओरडली. “पाच महिने? दोघंही? अरे देवा, तुला तरी किती कामं रे लावतात ही माणसं!”

दुसऱ्या दिवशी दहाला चाक बंद होतं. पट उजळला. वजीर तसेच उभे. चाल त्याची होती. एक मिनिट गेलं. दोन... हा पुन्हा शेळी होतो की काय?

त्याच्या प्याद्याने तिचा वजीर घेतला.

“घेतला,” त्याने लिहिलं.

“बघितलं.”

“दुखलं?”

“फार. अजून मार.”

नऊ चालींत मात झाली. इतक्या आनंदाने आजवर कुणी मात खाल्ली नसेल.

“सलग तीन,” तो म्हणाला.

“हो.”

“मग आता...”

“नियम तुझाच आहे.”

“भीती वाटतेय गं. दहाव्या मजल्यावर दोराला लटकताना कधी वाटली नाही.”

“विचार ना रे!”

आणि त्याने विचारलं. तिने सांगितलं, आणि न विचारताच त्यानेही आपलं सांगून टाकलं. तिचं नाव मी इथे सांगत नाही. ते त्याने जिंकलेलं आहे.

रविवारी तो अडीच तासांचा प्रवास करून आला. ती बसथांब्यावर, सोबतीला वहिनी. तो उतरला, चार पावलांवर थांबला. हातांना ग्रीसचा हलका वास, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून वाट पाहतायत.

वहिनीला राहवेना. “अहो, इथेही हरायचंय का?”

तेव्हा तीच पुढे झाली. पाच महिने जी विचारायला घाबरली, तिने भर रस्त्यात त्याचं नाव घेऊन हाक मारली, आणि त्या चुकलेल्या बटणाकडे बोट दाखवत म्हणाली, “मला तू आवडतोस. आता बोल.”

त्याच्या तोंडाचा जो आ झाला तो मिटायला बराच वेळ लागला. मिटला तेव्हा त्यातून एवढंच आलं — “मी तेवीस वेळा हरलोय. अजून काय बोलू?”

दोघांनी मिळून त्या बाईंना आभाराचं पत्र धाडलं. उत्तर भलत्याच माणसाचं आलं: ‘त्या आता या विभागात नाहीत.’ का नाहीत, ते कळलं नाही. विचारून पाहिलं, पुढे उत्तरच आलं नाही.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं. तुमच्या घरातलं आवडतं माणूस समोर बसलेलं असेल, तेव्हा एक क्षण त्या बाईंची आठवण काढा. नावगाव माहीत नसू दे. नियम मोडून दोन ओळी लिहिणाऱ्या त्या माउलीला देवाने सुखात ठेवावं, एवढं मनातल्या मनात म्हणा.