घरचा हात

मिरजेच्या संधिवात रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक अख्खं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. ओटा, नळ, परात, कुकर, पोळपाट, सगळं जिथल्या तिथे. बघायला येणाऱ्यांना हसू यायचं, पण ओवी हुद्दारला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. तिने बनवलेला टाळणीमापक या ओट्याशिवाय चालतच नव्हता.

टाळणीमापक म्हणजे जाळीसारखा पातळ हातमोजा. दुखरा सांधा जी हालचाल टाळतो, ती हा मोजा टिपायचा. पूर्वी डॉक्टर विचारायचे, बटण लावता येतं का, कपडा पिळता येतो का, आणि रुग्ण बेधडक हो म्हणायचे. खोटं बोलत नसत बिचारे. वीस वर्षं आडमार्गाने काम केलं की तोच राजमार्ग वाटायला लागतो, आणि पूर्वी आपण कसं करत होतो ते आठवतही नाही.

ओवीचं पहिलं यंत्र सगळ्यांना एकाच सरासरी हाताशी ताडून बघायचं. त्याने टोपल्या विणणाऱ्या एका ठणठणीत बाईंना साठ टक्के अपंग ठरवलं होतं. त्यावरून रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. समीना मुजावर यांनी तिची भरपूर चेष्टा केली, आणि मग तोडगाही त्यांनीच सुचवला. प्रत्येक घराची काम करायची रीत वेगळी, तेव्हा रुग्णाचा हात त्याच घरातल्या निरोगी माणसाच्या हाताशी ताडायचा. ओवीने त्याला नाव दिलं ‘घरचा हात’. दोन हातांतली तफावत म्हणजे अपंगत्वाचा आकडा. आकडा चाळीसच्या वर असला तर मोजक्याच रुग्णांना मिळणारं महागडं इंजेक्शन चालू राहणार, खाली आला तर माणूस सुधारला असं धरून त्याची जागा पुढच्याला मिळणार. यंदा हा नियम जिल्हाभर लागू झाला होता, आणि पोरीची मान जरा ताठ झाली होती.

त्या सकाळी इचलकरंजीहून छायाताई कोष्टी आणि त्यांचे यजमान विलासराव आले. छायाताईंच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कलली होती. दुखणं सुरू झालं तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ताक सोडलं, लोणचं सोडलं, गार पाणी सोडलं. घरातला विडीचा धूर मात्र तसाच राहिला. आईचे आणि मावशीचे हात असेच वाकले होते, हेही त्यांना विचारल्यावरच आठवलं. या सगळ्यात चार वर्षं वाया गेली. धुराने हा आजार बळावतो हे कळलं त्या दिवशी विलासरावांनी विडीचं बंडल दवाखान्याच्या दारातल्या कचराकुंडीत टाकलं, ते पुन्हा विकत घेतलं नाही. या गोष्टीला सोळा वर्षं झाली होती.

दोघांनी मोजे चढवले. आधी छायाताईंनी आणि मग विलासरावांनी कणीक मळली, कुकर उतरवला, पंचा पिळला. पडद्यावर आकडा आला, तीन.

“तीन म्हणजे बरी झाले की मी,” छायाताई खूश होऊन म्हणाल्या.

डॉ. समीनांनी ओवीला शेजारच्या खोलीत नेलं.

“इंजेक्शन थांबलं तर सहा महिन्यांत यांचा अंगठा निकामी होईल. मी यांचे सांधे इतकी वर्षं बघतेय, ओवी. तीन शक्य नाही.”

“मोजे दोनदा तपासलेत मॅडम. तफावत खरंच नाहीये. मग एकच उरतं, काकाही आजारी असणार.”

विलासरावांचं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सांधे पंचविशीतल्या पोराला शोभतील असे निघाले. ओवीची मान आता तेवढी ताठ राहिली नाही. तिने दोघांची चित्रफीत शेजारी शेजारी लावली आणि दोघी बघत बसल्या. छायाताईंनी परात पोटाशी टेकवून मनगटाच्या मागच्या भागाने कणीक मळली होती, विलासरावांनीही तशीच. त्यांनी कुकर दोन तळव्यांत धरून उचलला होता, यांनीही तसाच. पंचा तर दोघांनी नळाला वेढा देऊन कोपरांनी ओढला होता.

ओवी ओट्याकडे परत आली आणि तिने विलासरावांना विचारलं, घरकाम कधीपासून करता. ते म्हणाले, हिचे हात सुजले तेव्हापासून, त्याआधी चहासुद्धा येत नव्हता.

“मीच शिकवलं,” छायाताई म्हणाल्या. “करून दाखवल्याशिवाय यांच्या डोक्यात शिरतंय होय?”

ओवीने ओला पंचा विलासरावांच्या हातात दिला आणि दोन मुठींत धरून जोरात पिळायला सांगितलं. त्यांनी मुठी आवळल्या, अर्धा पीळ दिला आणि पंचा सोडून दिला.

“दुखलं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला कशाला दुखेल? पण असं पिळलं की दुखतं ना,” विलासराव म्हणाले, आणि गोंधळून आपल्याच तळव्याकडे बघत राहिले.

छायाताईंचा चेहरा बदलला. 

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “ते मला दुखतं.”

विलासरावांनी तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले होते, हे ओवीला त्यांच्या कागदांवरून ठाऊक होतं. तिने खालच्या वर्कशॉपमधून गंजलेला एक नट आणि पाना मागवला. विलासरावांनी पाना असा काही आवळला की टेबल हललं. पडद्यावर टाळणी शून्य. लगेच पुन्हा पंचा दिला, तर हात आपोआप नळाकडे गेले. एकाच माणसाच्या या दोन हातांतली तफावत निघाली एकसष्ट.

डॉक्टरांनी छायाताईंना समजावून सांगितलं की नट आवळणारा हात यांचा स्वतःचा, आणि पंचा पिळणारा हात तुमच्याकडून आलेला. मधला फरक म्हणजे तुमचा आजार. तुमची एकेक हालचाल सुटत गेली तशी यांनीही सोडली. इंजेक्शन त्याच दुपारी दिलं. जाताना छायाताई यजमानांना बजावत होत्या की उद्यापासून नीट पिळायला शिका, आणि ते म्हणत होते की या वयात नवीन काही जमायचं नाही. ओवीला त्या दोघांना घट्ट मिठी मारावीशी वाटली.

पण ती पळतच आपल्या संगणकाशी गेली. यंदा एकशे चौदा जणांचा आकडा चाळीसच्या खाली आला होता. अहवालात ते सगळे ‘सुधारलेले’ होते, आणि सगळ्यांची इंजेक्शनं बंद झाली होती. ज्या घरात आजारी माणसाला कुणी विचारत नव्हतं, तिथली तफावत मोठी राहिली आणि औषध चालू राहिलं. ज्या घरातल्यांनी शेजारी बसून, बघून बघून त्याचं काम अंगावर घेतलं, तिथला आकडा खाली आला. तिच्या यंत्राने नेमक्या जीव लावणाऱ्या घरांचं औषध तोडलं होतं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

“अर्धी यादी मला दे,” खुर्ची ओढून घेत डॉ. समीना म्हणाल्या. “रडत रडत फोन करता येतो.”

यादीत सगळ्यात वर पलूसच्या एक सासूबाई होत्या, आकडा दोन. घरचा हात म्हणून सुनेची नोंद होती. फोन सुनेनेच घेतला. सासूबाईंचा अंगठा अजून वळतो का, असं ओवीने आधी विचारलं. थोडा वळतो, पण गेल्या महिन्यापासून फार ठणकतो, असं उत्तर आलं.

“ताई, एक विचारते,” ओवी म्हणाली. “तुम्ही स्वयंपाक कुणाकडून शिकलात?”

“आमच्या आईंच्याकडनंच की,” सून म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हा मला काहीच येत नव्हतं.”